शेजघर आणि सुताराचा गाळा

गतवर्षी आमची मुलुंड येथील राहती इमारत पाडून तिच्या जागी नवी उभारण्याचे ठरले, तेव्हा तीस वर्षांचे बिऱ्हाड आठ दिवसांत हलविण्याचा प्रसंग आमच्यावर आला. त्या धांदलीत घडलेली एक गोष्ट दिसावयास क्षुल्लक, परंतु इतिहासाच्या अध्यापकास विचारात पाडणारी होती. आमच्या आजोबांनी गिरगावात असताना, म्हणजे सुमारे नव्वद वर्षांपूर्वी, करवून घेतलेले सागवानी कपाट चार हमालांनी दोरखंड बांधून जिन्यावरून उतरविले, गाडीत चढविले, आणि अर्ध्या तासात ते मार्गस्थ झाले. याच्या उलट, १९९६ साली आमच्या लग्नानंतर मोठ्या हौसेने करविलेले शेजघरातील कपाट, जे या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत आणि जमिनीपासून छतापर्यंत नेमके बसविलेले होते, ते काही केल्या जागचे हलेना. अखेर ते पहारीने फोडावे लागले. तुकडे पाहून भंगारवाला म्हणाला, “याचे काही येत नाही, साहेब. उलट उचलण्याचे तुम्हीच काहीतरी द्या.” आजोबांचे कपाट तीन घरे पाहून चौथ्या घराकडे निघाले होते, आमचे कपाट ज्या खोलीत जन्मले त्याच खोलीत संपले.

घरातील लाकडी सामान ही वस्तुतः जंगम मालमत्ता. ती स्थावर केव्हा व कशी झाली, असा प्रश्न आम्ही त्या दिवशी स्वतःस विचारला. कायद्यास हा प्रश्न नवा नाही. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरणाच्या कायद्यातील तिसऱ्या कलमात ‘जमिनीस जडलेले’ या पदाचा अर्थ सांगताना झाडे, भिंती व इमारती यांच्याबरोबरच, इमारतीच्या कायमच्या उपभोगासाठी तिला जखडलेली वस्तूही गणली आहे. तेव्हा आमचे १९९६ चे कपाट हे सामान नसून भिंतच होते, असा युक्तिवाद एखाद्या वकिलास करता आला असता. परंतु शेजघरातील कपाट भिंत का व्हावे, याचे उत्तर कायद्याच्या पुस्तकात नसून मुंबईच्या, विशेषतः तिच्या उपनगरांच्या इतिहासात आहे.

जुन्या मराठी घरात शेजघर हे राजवाड्यांत आणि देवळांत असे. देवाची शेजारती रोज होई. गृहस्थाच्या शेजेची कोणी वास्तपुस्त करीत नसे. ओटी, पडवी, माजघर, स्वयंपाकघर, बाळंतिणीची खोली, कोठीची खोली अशी घराची वाटणी असावयाची. निजण्याकरिता म्हणून खोली नसे. पुरुष ओटीवर किंवा माडीवर, बायका-मुले माजघरात. अंथरूण सकाळी गुंडाळले की निजण्याचा विषय संध्याकाळपर्यंत मिटला. नवविवाहितांस माडीवरची एखादी खोली रात्रीपुरती मिळे, आणि ती मिळण्यामागे घरातील वडील स्त्रीची परवानगी असे. पलंग हा श्रीमंतीचा अलंकार होता. सामान्यांकडे बाज किंवा सुंभाने विणलेली खाट, तीही बहुधा आजाऱ्यासाठी नाही तर बाळंतिणीसाठी. कपडे ठेवण्यास पेटारा वा पेटी, रोजचे अंगावरचे टाकण्यास वलणी आणि पागोटे-अंगरखा अडकविण्यास खुंटी. यांखेरीज भिंतीतच केलेले कोनाडे असत आणि फडताळ असे.

या फडताळाकडे वाचकांनी जरा लक्ष द्यावे. दोन-अडीच फूट जाडीच्या भिंतीत पोकळी सोडून तिला सागवानी चौकट आणि दोन झडपा बसविल्या की फडताळ तयार होई. गवंड्याच्या आणि सुताराच्या संमतीने घराबरोबरच जन्मलेले आणि घराबरोबरच पडणारे असे हे कपाट. म्हणजे आज ज्यास आपण नव्या तऱ्हेचे ‘फिटिंग’ समजतो, ते आपल्या आज्यांच्या घरी होतेच. फरक एवढाच की फडताळाने भिंतीच्या जाडीतून जागा घेतली आणि आमच्या कपाटाने खोलीतून. मुंबईची विटेची भिंत नऊ इंचांवर आणि पुढे साडेचार इंचांवर आली, तेव्हा फडताळास राहावयास घरच उरले नाही.

मुंबईत लाकडी सामानाचा व्यवसाय म्हणून जो प्रथम नावारूपास आला तो मात्र अगदी निराळ्या जातीचा होता. एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास फोर्टातील मेडोज स्ट्रीटवर (आज जिला नगीनदास मास्टर रोड म्हणतात) शिसवी सामानाची दुकाने होती. दक्षिणेकडील जंगलातून आलेले शिसवी लाकूड, त्यावर काम करणारे बहुतेक गुजरातेतील सुतार आणि गिऱ्हाईक म्हणजे पारशी व्यापारी नि साहेबलोक. खुर्चीच्या पाठीवर वेली, हातांवर सिंह, पायांशी पंजे. एवढी कोरीव गर्दी की धूळ झाडावयास स्वतंत्र नोकर लागावा. आमच्या आवडीचे हे काम नव्हे, हे प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे. परंतु हाताच्या कसबास तोड नव्हती. १८५७ साली स्थापन झालेल्या जमशेटजी जीजीभाई कलाशाळेत पुढे लॉर्ड रे यांच्या नावाचे कलाकर्मागार निघाले, तेथे लाकडावरील कोरीवकामही शिकविले जाई. तथापि हे सारे दिवाणखान्याचे वैभव. मेडोज स्ट्रीटचा सुतार आमच्या पणजोबांच्या दारी कधी आला नाही, आणि आला असता तर त्याने पाहिले असते तरी काय?

मध्यमवर्गाच्या घरात लाकूड शिरले ते सागाच्या रूपाने, आणि त्या सागाची कथा आपल्याला वाटते त्याहून मोठी आहे. सागाशी मुंबईचे नाते जुने. वाडिया घराण्याने येथील गोदीत सागाची जहाजे बांधली आणि १८१७ साली पाण्यात उतरलेले ‘ट्रिंकोमाली’ इंग्लंडात हार्टलपूल येथे आजही तरंगते आहे. पुढे मलबारचा साग अपुरा पडू लागला तेव्हा व्यापाऱ्यांची दृष्टी ब्रह्मदेशाकडे वळली. १८६३ साली मुंबईतच बॉम्बे बर्मा ट्रेडिंग कॉर्पोरेशन ही मंडळी स्थापन झाली. ओंडक्यांच्या महसुलावरून मंडालेच्या दरबाराने या मंडळीस दंड केला, आणि तेच निमित्त करून इंग्रजांनी १८८५ साली युद्ध पुकारले. वरचा ब्रह्मदेश खालसा झाला आणि राजा थिबा बंदिवान होऊन रत्नागिरीस आला. त्याच्यासाठी बांधलेला राजवाडा १९१० साली पुरा झाला, आणि तेथेच १९१६ साली त्याचा अंत झाला. कोकणातील मंडळी ‘थिबा राजवाडा’ मोठ्या अगत्याने पाहुण्यास दाखवितात. परंतु आपल्या घरच्या ‘बर्माटीक’च्या कपाटाचा आणि त्या राजाचा काही संबंध आहे, हे त्यांच्या मनात येत असेल असे वाटत नाही. आजोबांच्या कपाटाच्या फळ्या याच व्यापारातून आलेल्या असाव्यात.

परंतु कपाट होण्यास खोली लागते, आणि त्या काळच्या मुंबईत खोली म्हणजे एकच खोली. १९२० नंतरच्या दशकात सरकारने वरळी, नायगाव, शिवडी आणि डिलाइल रोड येथे बांधलेल्या दोनशे सात बी. डी. डी. चाळींतील खोली एकशे साठ चौरस फुटांची होती. त्यात स्वयंपाक, अभ्यास, देवपूजा, आजार आणि संसार हे सर्व. कारकुनी मध्यमवर्गाच्या गिरगावी चाळीतील दोन खोल्या यापेक्षा फार निराळ्या नव्हत्या. चाळीतील मुख्य लाकडी वस्तू म्हणजे एक कॉट. तिच्यावर दिवसा सगळ्या अंथरुणांची वळकटी, तिच्याखाली ट्रंका, आणि रात्री तिच्यावर घरातील वडील माणूस. उरलेले जमिनीवर, आणि जमीन संपली की गॅलरीत. तरुण जोडप्याच्या एकांताची सोय त्या व्यवस्थेत कोठे होती, याविषयी आमच्या आधीच्या पिढीने मौन पाळले. त्या मौनाचा मान आम्हीही राखतो. एवढेच म्हणतो की उपनगरांकडे जी धाव निघाली ती केवळ हवापाण्यासाठी नव्हती.

आगगाडी उपनगरांतून जाऊ लागली त्यास फार काळ लोटला होता. १८५३ साली ती घाटकोपर-मुलुंडच्या शेतांमधून ठाण्यास गेली, आणि १८६७ साली मुंबईहून विरारपर्यंत धावू लागली. परंतु गाडी गेली म्हणून गाव शहर होत नाही. १८९६ च्या प्लेगने माणसे बाहेर काढली. १९२० साली उपनगर जिल्हा वेगळा झाला. १९२८ च्या जानेवारीत बोरिवलीपर्यंत विजेची गाडी आली. आणि मग कचेरीतला माणूस अंधेरीस वा घाटकोपरास राहून दहाच्या ठोक्याला फोर्टात पोहोचू लागला. अंधेरी आणि घाटकोपर १९५० साली, तर बोरिवली आणि मुलुंड १९५७ साली मुंबई महापालिकेच्या हद्दीत आली. मधल्या काळात ‘बिऱ्हाड’ जाऊन ‘ब्लॉक’ आला. ब्लॉकाच्या नकाशावर एका चौकोनात इंग्रजीत ‘बेडरूम’ असे लिहिलेले असे. आमच्या मते आपल्या कौटुंबिक इतिहासातील हा एक मोठा बदल होय. कोणत्याही सुधारकाच्या व्याख्यानाने नव्हे, तर इमारतीच्या नकाशातील एका चौकोनाने नवराबायकोस दार लावण्याचा अधिकार दिला.

त्या चौकोनात पहिले पाऊल ठेवले ते लाकडाने नव्हे, लोखंडाने. आर्देशिर गोदरेज यांनी १८९७ साली लालबागेत कुलपांचा कारखाना काढला, १९०२ साली तिजोरी केली, आणि १९२३ साली पोलादी कपाट बाजारात आणले. पुढे १९४३ च्या सुमारास त्यांचे बंधू पिरोजशा यांनी विक्रोळीस जमीन घेतली, आणि घाटकोपर व मुलुंड यांच्या मधला तो मुलूख कपाटांचे माहेरघर बनला. वाळवी नाही, उंदीर नाही, पावसाळ्यात झडप फुगणे नाही आणि आत दागिन्यांचा चोरकप्पा. मुलीच्या लग्नात ‘गोदरेजचे कपाट’ देणे ही प्रतिष्ठेची बाब झाली, आणि घरोघर नववधूचा चेहरा त्याच्या आरशात प्रथम दिसला. परंतु या कपाटाच्या डोक्यावर दोन-तीन फूट जागा मोकळी राही, आणि त्या जागेवर पाहता पाहता बॅगा, पाटा-वरवंटा, दिवाळीचा कंदील, न लागणारी गादी यांचा ढीग उभा राही. पलंगाखालीही तेच.

ही डोक्यावरची मोकळी जागाच पुढील सर्व घडामोडींचे मूळ होय, असे आम्हास वाटते. १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्यानंतर भाड्याच्या इमारती बांधण्याचा उत्साह ओसरला, मालकीच्या सदनिकांचा काळ आला, आणि १९६३ साली महाराष्ट्राने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. सदनिका चौरस फुटाने विकली जाऊ लागली. ज्या घरात प्रत्येक चौरस फुटास मोल मोजले आहे, त्या घरात कपाटाच्या मागची चार बोटे फट आणि माथ्यावरची पोकळी डोळ्यांस सलू लागणे साहजिकच होते. फिरत्या सामानाने सोडलेले कोपरे भरून काढण्यास कोणी तरी खोलीच्या मापाचे काम करणारा हवा होता. तो सुतारच.

मात्र जुन्या सुतारास हे जुन्या साहित्याने जमले नसते. अखंड लाकूड हा सजीव पदार्थ आहे. मुंबईच्या पावसाळ्यात ते आडवे फुगते, उन्हाळ्यात आकसते. म्हणून जुना कारागीर चौकट करी, तिच्यात पातळ दिलहे मोकळे बसवी, आणि फुगण्यास वाव ठेवी. जोड कुसू आणि खाच यांचा. वर बांबूची मेख. चिकटविण्यास सरस, तोही जनावरांच्या कातड्या-हाडांचा, गिऱ्हाइकाच्या अंगणात मंद विस्तवावर शिजविलेला. त्या वासाची आठवण असलेली माणसे आता थोडी उरली. छतापासून जमिनीपर्यंतचे सलग, गुळगुळीत दार या पद्धतीने करावयाचे तर ते पहिल्याच श्रावणात अडकून बसले असते.

ही अडचण दूर केली प्लायवुडने. एकावर एक पातळ पापुद्रे, प्रत्येकाचे रेषे आधीच्यास आडवे, अशी मांडणी केल्याने एक पापुद्रा फुगू पाहतो त्यास दुसरा धरून ठेवतो. आपल्या देशात हा माल प्रथम आसामच्या चहाच्या खोक्यांसाठी होऊ लागला. चहाच्या खोक्यातून तो आपल्या शेजघरात आला ही गंमत लक्षात ठेवण्याजोगी आहे. १९५९ साली फेविकॉल निघाला आणि सरसाचे भांडे विझले. आज या वस्तूची कंपनी अंधेरीस आहे, आणि तिच्या नावाचा शब्द मराठी वाक्प्रचारातही घट्ट चिकटला आहे. त्यावर सनमायका आला आणि पॉलिशवाला गेला. तीन वस्तूंनी मिळून कुसू, खाच आणि दिलहा या तिघांस निवृत्त केले. आठ फूट बाय चार फुटांचा तक्ता हेच आता सुताराचे लाकूड. या तक्त्याची लांबी-रुंदी फुटांत आणि जाडी मिलिमीटरांत सांगतात. १९५६ च्या मेट्रिक कायद्याने आपल्या सुतारास अर्ध्यावरच गाठले, त्याचा हा पुरावा. बारीक माप ‘सुता’चे, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचे, हे तर कोणत्याच कायद्यास गाठता आले नाही.

या तक्त्याच्या मागेही जंगल आहे, हे आपण विसरतो. १९९६ च्या डिसेंबरात, म्हणजे आमचे कपाट तयार होत होते त्याच वर्षी, सर्वोच्च न्यायालयाने गोदावर्मन खटल्यात जो आदेश दिला, त्याने ईशान्येकडील वृक्षतोड थांबली आणि तेथील प्लायवुडचे कारखाने ओस पडले. उद्योग हरियाणातील यमुनानगराकडे सरकला, जेथे शेतकरी बांधावर पॉप्लर आणि निलगिरी लावतात. तक्त्याच्या तोंडाशी लावण्याचा गर्जनचा पापुद्रा म्यानमारहून येई. २०१४ च्या एप्रिलपासून त्या देशाने अख्खे ओंडके बाहेर पाठविणे बंद केले. १८८५ साली ज्या ओंडक्यांसाठी राज्य बुडाले, ते सव्वाशे वर्षांनी त्याच भूमीने अडवून धरले. पापुद्रे चिकटविण्याच्या रसायनातून फॉर्माल्डिहाइड नावाचा वायू सुटत असतो. २००४ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याची गणना कर्करोग उत्पन्न करणाऱ्या द्रव्यांत केली. लाकडाच्या भुशाविषयी तिने तसा निर्णय १९९५ सालीच दिला होता.

आता गाळ्यात जाऊ. उपनगरांत असे गाळे दोन तऱ्हेचे आहेत. एक ओशिवरा-जोगेश्वरीकडील बाजारातले, जेथे जुने सामान विकत घेतात, नवे करून देतात, आणि चित्रपटास हवा असलेला राजेशाही पलंग भाड्यानेही मिळतो. दुसरे, लालबहादूर शास्त्री मार्गाच्या कडेच्या औद्योगिक वसाहतींत किंवा एखाद्या जुन्या वाडीच्या मागल्या अंगास असलेले, ज्यांस पाटीदेखील नसते. आम्ही ज्यात गेलो तो या दुसऱ्या जातीचा. मिस्त्री रत्नागिरीकडील, वयाने आमच्याएवढे. हाताखाली उत्तरप्रदेशातील चार कारागीर. पूर्वीची चाल अशी की मिस्त्री माणसे घेऊन गिऱ्हाइकाच्या घरीच दोन-दोन महिने मुक्काम ठोकी. दिवाणखान्यात भुसा, गॅलरीत तक्ते, आणि घरातील बाईच्या माथी दिवसातून चार वेळचा चहा. आता सोसायट्या आवाजास हरकत घेतात, म्हणून कापणे-जोडणे गाळ्यात आणि घरी केवळ बसविणे. याने गृहिणीची सुटका झाली, परंतु मापाचा भार वाढला. कारण घरात बसून काम करणारा चूक डोळ्यांनी पाहून सुधारी, गाळ्यातल्यास ती कागदावर आधी दिसावी लागते.

मिस्त्रींनी आम्हास त्यांची वही दाखविली. प्रत्येक भिंतीची रुंदी तीन ठिकाणी घेतलेली: खाली, मध्ये, वर. तिन्ही आकडे क्वचितच सारखे. “भिंत गुण्यात नसतेच, सर,” ते म्हणाले. “नवी असो की जुनी. आम्ही सरळ कपाट करतो आणि वाकड्या भिंतीत बसवतो. मधला फरक पट्टीत लपवायचा. लोक पट्टी बघून म्हणतात, नक्षी छान केलीत.” ओळंबा आणि गुण्या ही दोन साधने पेशव्यांच्या काळच्या सुतारानेही ओळखली असती, भोवतालच्या विजेच्या यंत्रांमध्ये ती दोन वडीलधाऱ्यांसारखी खिळ्यास टांगलेली होती.

मापाच्या संबंधात आमच्या घरचाच एक अनुभव सांगण्यासारखा आहे. आमच्या कन्येने बोरिवलीच्या नव्या घरासाठी एका बड्या दुकानात कपाट करावयास टाकले. उंची आठ फूट, खोली दोन फूट. आणि खालून प्लास्टरचे खोटे छत केल्यामुळे खोलीची उंची आठ फूट दोन इंच. कागदावर दोन इंच शिल्लक. माणसांनी कपाट जमिनीवर आडवे ठेवून जोडले आणि उभे करू लागले, तो ते अर्ध्यावर येऊन छतास टेकले. कपाट उभे होताना त्याच्या उंचीस नव्हे, तर कर्णास जागा लागते, आणि हा कर्ण सुमारे आठ फूट तीन इंचांचा भरतो. एका इंचासाठी छत उकरावे लागले. यज्ञवेदी आखणाऱ्या बौधायनास जे ठाऊक होते, ते चकचकीत दुकानातील संगणकास कोणी सांगितले नव्हते. आमच्या मिस्त्रींस हे सांगितले तेव्हा ते हसले. ते खालची चार इंचांची बैठक नेहमी सुटी करतात. सात फूट आठ इंचांचे कपाट निर्वेध उभे राहते, मग दोघांनी उचलून बैठकीवर ठेवावयाचे. “हे आमच्या वडिलांनी शिकवलं,” ते म्हणाले. “त्यांना कर्ण माहीत नव्हता. त्यांचं एकदा अडकलं होतं.”

गाळ्याच्या मध्यभागी त्या दिवशी एक प्रचंड पलंग तयार होत होता. खाली पेटी, वर दट्ट्यांनी उचलली जाणारी फळी, डोक्याशी मखमलीची पाठ. घाटकोपरच्या एका नवविवाहित जोडप्यासाठी होता. आमच्या चाळीतील ट्रंकांनी कॉटीखालून निघून थेट पलंगाच्या पोटात घर केले, एवढाच तो बदल. एक पोरसवदा कारागीर यंत्राने कडा घासत होता आणि भुसा त्याच्या पापण्यांवर साचला होता. तोंडाला रुमाल, एरवी काही नाही. १९४८ च्या कारखाना कायद्याने यंत्रशक्तीवर चालणाऱ्या जागेस दहा माणसांची अट घातली होती, तेव्हा पाच माणसांच्या अशा गाळ्यांवर त्याची छाया कधी पडली नाही. आम्ही मिस्त्रींस तोंडावरच्या जाळीविषयी छेडले, तर त्यांनी कोपऱ्यात टांगलेल्या चार जाळ्या दाखविल्या. “आणून ठेवल्यात, सर. घाम येतो म्हणून घालत नाहीत. आणि काम फुटाने आहे. जाळी काढायला-घालायला वेळ जातो.” यावर आम्हास उत्तर सुचले नाही. चौरस फुटाच्या ज्या हिशोबाने आमच्या खोल्या लहान केल्या, तोच हिशोब त्या मुलाच्या नाकापर्यंत पोहोचला होता.

ही मुले निजतात कोठे, असे आम्ही सहज विचारले. गाळ्यातच, असे उत्तर मिळाले. तक्त्यांच्या थप्पीवर सतरंजी टाकून; आणि एखादा पलंग तयार होऊन पोचता व्हावयाचा असेल तर त्यावर प्लास्टिक अंथरून त्याच्यावर. म्हणजे उपनगरांतील कित्येक शेजांवर पहिली रात्र ज्याने काढली तो वर नव्हे, सुतार होय. त्यांची बायकामुले बस्ती-गोरखपुराकडे, आणि वर्षातून एकदा छठेच्या सुमारास दोघेदोघे जाऊन येतात. चाळीत आजोबांच्या पिढीने जे सोसले ते निदान आपल्या माणसांत सोसले.

आजोबांच्या कपाटाचा प्रश्न राहिला होता. तात्पुरत्या भाड्याच्या घरी ते मावेना. त्या शेजघरात मालकाने भिंतभर कपाट करून ठेवलेले, त्यापुढे पलंग, आणि दोहोंमध्ये माणसाने तिरपे चालावे एवढी वाट. नव्या इमारतीच्या नकाशातही त्यास उभे राहण्यास भिंत दिसत नव्हती. विकावे म्हणून आम्ही मिस्त्रींस बोलाविले. त्यांनी झडप उघडली, मिटली, पुन्हा उघडली. मग गुडघ्यांवर बसून खालचा जोड नखाने चाचपला. फळीच्या आतल्या अंगास करवतीपूर्वी मारलेल्या खुणा अजून होत्या, आणि कुसवाच्या टोकाशी बांबूची मेख. “चिकटवलेलं नाही काही,” ते म्हणाले. “मेखा काढल्या तर सगळं सुटं होईल, आणि परत जोडता येईल. पण आता एवढी खाच मारणारा माझ्याकडे कोणी नाही. मला येते, पण परवडत नाही.” त्याच्या सागाच्या नव्या दारांस पट्ट्या करता येतील असाही एक पर्याय त्यांनी सुचविला, पुढे स्वतःच नको म्हणाले.

विक्रीची गोष्ट मग आमच्याने काढवली नाही. नवे घर होईतो कपाट गाळ्यात ठेवावे, असे ठरले. मागल्या महिन्यात कन्येच्या घरच्या एका खणाच्या कामासाठी आम्ही तेथे गेलो होतो. कपाट मागल्या भिंतीशी, भिंतीपासून चार बोटे दूर उभे आहे. वरच्या दोन खणांत पटाश्या, गिरमिटे आणि खिळ्यांचे डबे. खालच्या दोन खणांत चार जणांचे कपडे घड्या घालून ठेवले आहेत, आणि झडपेच्या आतल्या बाजूस कोणीतरी एका लहान मुलीचे छायाचित्र लावले आहे.